कर्नलसाहेबांची चार मैल तार

"निर्णय म्हणजे काय, साहेब? म्यानातली तलवार! हात गेला की बाहेर!"

एकोणीसशे बाराच्या दसऱ्याच्या मेजवानीत कर्नल मानाजीराव असं बोलले आणि त्यांनी मिशीवरून हात फिरवला. म्हैसूर संस्थानच्या घोडदळात ती मिशी प्रसिद्ध होती. तिच्या दोन टोकांवर दोन पोपट येऊन बसले असते तरी ती वाकली नसती.

बंगळूरच्या छावणीतून आलेले गोरे तपासणीसाहेब भारावून गेले. मोठे लष्करी अधिकारी निर्णय कसे घेतात, हे एका निळ्या वहीत टिपून ठेवायचा त्यांना छंद होता. वहीत अजून फारसं काही जमलं नव्हतं.

"म्हणजे कर्नल, तुम्ही कोणाचाच सल्ला घेत नाही?"

"कोणाचा घेऊ? घोड्याचा?"

सगळी पंगत हसली. मानाजीराव इथं थांबले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण पंगत हसली की माणूस आणखी एक वाक्य बोलतोच.

"का बायकोचा घेऊ? बायकांना विचारून का कुठं लढाया होतात!"

पडद्याआड भागीरथीबाई वाढप्यांच्या हाती सार देत होत्या. त्यांचा डाव हवेतच थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी देव्हाऱ्यातली वीतभर उंचीची पितळी भवानी उचलली, लुगड्यांचं गाठोडं घेतलं, दारात एका घोड्याची झटका गाडी बोलावली आणि मंडी मोहल्ल्यात भावाच्या घरी निघाल्या. पायरीवरून एवढंच म्हणाल्या,

"घ्या आता ठरवून!"

मानाजीराव पायरीवरच बसले. कारण गेली बावीस वर्षं त्या रिसाल्यातला प्रत्येक निर्णय भागीरथीबाईंनी घेतला होता. म्हणजे भवानीनं घेतला होता आणि भागीरथीबाईंनी तो कळवला होता.

पद्धत साधी होती. शेवंतीच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कौल लावणं म्हणतात ते हेच. जुन्या सरदार घराण्यांत लग्न, घोडाखरेदी आणि जावयाची बदली सगळं असंच ठरे. मानाजीरावांनी त्यात हल्ला आणि माघार यांची भर घातली होती, इतकंच.

कवायतीच्या मैदानावर असले की उत्तर डब्यातून येई. घोडेस्वार निरोप घेऊन घरी जाई, भागीरथीबाई कौल लावत आणि त्याच स्वाराबरोबर डबा पाठवत. डब्यात लाल चटणी असली तर हल्ला. दहीभात असला तर जागेवर थांबा. जाण्यायेण्यात अर्धा तास लागे. तेवढा वेळ मानाजीराव क्षितिजाकडे बघत उभे राहत, आणि सगळी फौज म्हणे, बघा, विचार करतायत! जेवल्याशिवाय कर्नलसाहेब हल्ला करत नाहीत, ही तर त्यांची गाजलेली युद्धनीती होती. तीसुद्धा निळ्या वहीत होती.

आता डबाही नाही आणि देवीही नाही!

पहिल्या आठवड्यात रिसाला अर्धा लोकरी कोटात आणि अर्धा सुती कोटात फिरू लागला, कारण थंडी पडली की नाही हे कोणी ठरवलंच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात तुतारीवाला सकाळी तुतारी ओठाला लावून साडेआठपर्यंत उभा राहिला. एक घोडी तीन पायांत नवे नाल घालून हिंडत होती. चौथ्याबद्दल विचारलं की मानाजीराव म्हणत, "बघू."

पण खरं सांगायचं तर नालाचं त्यांना काही वाटत नव्हतं. पहाटे चारला स्वयंपाकघरात बांगड्या वाजत आणि त्या आवाजानं ते जागे होत, ते बांगड्यांचं त्यांना वाटत होतं. आता ते चारला उठत आणि आवाज का आला नाही हे ऐकत पडून राहत. हवालदार कॉफी करी. ती घोड्याच्या पोटदुखीवर चालली असती. देव्हाऱ्यात भवानीच्या जागी एक स्वच्छ गोल उरला होता, बाकी सगळीकडं धूळ. त्या गोलाला ते रोज नमस्कार करत.

आणि अंतर म्हणाल तर लष्कर मोहल्ल्यातलं त्यांचं घर आणि मंडी मोहल्ल्यातलं मेव्हण्याचं घर यांच्यामध्ये दोन गल्ल्या आणि एक कडबेवाला! एवढ्या जवळचा विरह कोणी पाहिला नसेल. मानाजीराव दिवसातून तीनदा घोड्यावर बसून तिकडून जात. खिडकीकडे बघत नसत. घोडा बघत असे. रुसून माहेरी गेलेल्या बाईला नवऱ्यानं स्वतः जाऊन बोलवायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं. पण जाऊन सांगायचं काय? "पंगतीत बोललो ते खोटं होतं"? कर्नलनं?

असे सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी तपासणीसाहेब टेलिफोन घेऊन आले.

पाच पेट्या होत्या, चार मैल तार होती आणि तिच्याबरोबर तारखात्यातून उसने आणलेले श्रीनिवासराव होते. श्रीनिवासराव एवढे नियमाचे, की शिंक आली तरी आधी वेळ लिहून मग शिंकत.

"कर्नल," साहेब म्हणाले, "आता घोडेस्वाराची वाट बघायला नको! शत्रू हलला की एका मिनिटात तुम्हाला कळेल, आणि एका मिनिटात तुम्ही ठरवाल. फौज कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर तंबू ठोकून बसलीच आहे, परवा तिथंच खोटी लढाई ठेवली आहे. मी शेजारी घड्याळ घेऊन उभा राहीन."

मानाजीराव उठून खिडकीशी गेले. तो अर्धा तास, तोच तर सगळा निर्णय होता! आणि हे साहेब तोच काढून न्यायला आले होते.

श्रीनिवासराव नियम सांगू लागले. "नियम एक. तार एकच आहे, म्हणून एका पेटीत बोललेलं पाचही पेट्यांत ऐकू जातं. नियम दोन. कर्नलसाहेबांचा हुकूम ऐकू आला की तो लिहायचा, परत म्हणून दाखवायचा आणि पाळायचा. कोणासाठी आहे, का आहे, याचा विचार करायचा नाही. विचार करायला वर माणसं आहेत. साहेब, ऐकताय ना?"

साहेब ऐकत नव्हते. खिडकीतून मंडी मोहल्ल्याकडे बघत होते. एकदम वळून म्हणाले,

"तार चार मैल आहे म्हणता?"

"हो."

"मग एक पेटी मंडी मोहल्ल्यात हवी."

"तिथं? तिथं भाजीबाजार आहे, साहेब! शत्रू भाजीबाजारातून कसा येईल?"

"कोणाला वाटणार नाही, म्हणूनच येईल!"

तपासणीसाहेबांनी चटकन निळी वही काढली.

अशी पाचवी पेटी मेव्हण्याच्या, म्हणजे फत्तेसिंगरावांच्या माजघरात, भवानीच्या शेजारी जाऊन बसली. बाकीच्या चारांची वाटणी अशी: एक टेकडीवर मानाजीरावांजवळ, एक त्यांच्या बाजूच्या येसाजीरावांकडे, एक तळ्याच्या बांधावर शत्रू झालेल्या सयाजीरावांकडे आणि एक छावणीच्या भटारखान्यात. शत्रूला पेटी कशाला? लढाई खोटी असली तरी जेवायची वेळ दोन्ही बाजूंना एकदम कळायला हवी!

मंडी मोहल्ल्यात पेटी बघायला गर्दी लोटली. कोणीतरी तिला कुंकूही लावलं. फत्तेसिंगराव बहिणीला म्हणाले, "अक्का, घंटा वाजली की हे नळकांडं कानाला लाव. तुझे यजमान बोलतील."

"लढाईच्या मैदानातून? मला?" भागीरथीबाई म्हणाल्या. "बायकांना विचारून का कुठं लढाया होतात!"

पण त्या पेटीपासून हलल्या नाहीत.

लढाईच्या दिवशी मानाजीराव टेकडीवर उभे होते. दोन्ही बाजूंची मिळून तीनशे माणसं आठवडाभर तंबूत राहून कंटाळली होती. साडेबाराला पेटी खणखणली. येसाजीराव बोलत होते.

"साहेब, शत्रू बांधावर आहे! नाचणीच्या शेतातून हल्ला करू, की थांबू? हुकूम!"

तपासणीसाहेबांनी घड्याळ उघडलं. "एक मिनिट, कर्नल!"

मानाजीरावांनी दांडा फिरवला. सतरा अधिक दोन दिवसांनी पलीकडून आवाज आला.

"कोण?"

मानाजीराव आपोआप ताठ उभे राहिले.

"मी."

"मी कोण?"

"मी... म्हणजे मीच."

"हं. जेवलात?"

"अजून नाही."

"अजून नाही! साडेबारा झाले! त्या हवालदाराला अक्कल नाही काय? आणि आवाज असा का येतोय? छातीला तेल लावत नाही ना?"

भटारखान्यातल्या हवालदारानं नियमाप्रमाणं लिहून घेतलं: साडेबारा. अक्कल नाही. तेल.

"ते राहू दे. अगं, कौल लाव ना," मानाजीराव तोंडावर हात धरून कुजबुजले. "शेतातून हल्ला करू का?"

"लावलाय."

"मग? काय म्हणते?"

"पडत नाही."

"कुठली पडत नाही?"

"दोन्ही!"

"कर्नल, मिनिट झालं!" तपासणीसाहेब म्हणाले.

"माहिती येतेय, साहेब! अत्यंत गुप्त ठिकाणाहून येतेय!"

दोन मिनिटं झाली. पाच झाली. तीनशे घोडेस्वार, दोन तोफा, एक तळं आणि एक ब्रिटिश अधिकारी मंडी मोहल्ल्यातली एक पाकळी पडायची वाट बघत उभे राहिले. बांधावरचे शत्रूचे लोक मोर्चे सोडून पेटीभोवती गोळा झाले. येसाजीरावांकडे माणसांवर माणसं चढली. कोणी श्वास मोठ्यानं घेत नव्हतं. शेवटी एकाला राहवलं नाही.

"वैनी," पेटीतून आवाज आला, "पाणी जास्त झालं असेल! माजघराची खिडकी उघडा, वाऱ्यानं पडेल!"

मानाजीरावांच्या हातून नळकांडं सुटलं ते दोरीला लोंबकळलं. "सयाजी? तू? तू तर शत्रू!"

"शत्रू असलो म्हणून काय झालं, साहेब! आमच्याकडं सगळ्यांचं लक्ष लागलंय!"

"सगळ्यांचं? म्हणजे हे सगळ्यांना ऐकू जातं?"

"नियम एक," श्रीनिवासराव मागून म्हणाले.

मानाजीरावांची प्रसिद्ध मिशी पहिल्यांदाच वाकली. डाव्या बाजूनं आधी, मग उजव्या. त्यांनी नळकांडं पुन्हा कानाला लावलं आणि हळूच म्हणाले, "अगं, बंद कर ते. सगळे ऐकतायत."

"पंगतीत पण सगळे ऐकत होते," भागीरथीबाई म्हणाल्या.

भटारखान्यातल्या हवालदारानं तेही लिहून घेतलं.

"आणि तुमच्या लढाईचा कौल मी लावलाच नाहीये," त्या पुढं म्हणाल्या. आवाज जरा खाली आला होता. "मी इथं राहू की जाऊ, एवढंच विचारलंय. एकोणीस दिवस झाले. रोज लावते. रोज तश्शाच चिकटून बसतात. देवीला सुद्धा कळेना झालंय."

मानाजीराव बघत उभे राहिले. खाली बांध होता, नाचणीचं शेत होतं, वाट बघणारी फौज होती. त्यांना ते काही दिसत नव्हतं. त्यांना देव्हाऱ्यातला गोल दिसत होता.

"कर्नल!" साहेब म्हणाले. "निर्णय?"

आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच मानाजीरावांनी स्वतःच्या मनानं ठरवलं. नळकांड्यात ते एवढ्या मोठ्यानं बोलले की तारेशिवायही मंडी मोहल्ल्यात ऐकू गेलं असतं.

"राहू दे ती पाकळी! पंगतीत बोललो ते साफ खोटं होतं! तुझ्यावाचून मला कोटाची गुंडी कुठली लावायची ते कळत नाही! घरी ये! आत्ताच्या आत्ता घरी ये!"

पलीकडे बांगड्या वाजल्या. खरंच वाजल्या, तारेतून! मानाजीरावांनी डोळे मिटले.

आणि पेटीतून दुसराच आवाज आला.

"घरी ये, आत्ताच्या आत्ता. हुकूम समजला. येसाजीराव."

"घरी ये, आत्ताच्या आत्ता. समजला. शत्रू."

"घरी ये. समजला. भटारखाना."

"अरे, तुम्हाला नव्हे!" मानाजीराव ओरडले. "तुम्ही कशाला येताय? थांबा!"

पण पेटीतून नुसती खरखर आली. हुकूम पाळायला निघायचं तर पेट्या आधी उचलून घ्यायच्या, असा बहुतेक नियम तीन असावा.

येसाजीरावांच्या तुकडीत मात्र थोडा वाद झाला. एक स्वार म्हणाला, "तो हुकूम वैनींना होता, साहेब."

"आवाज कोणाचा होता?"

"कर्नलसाहेबांचा."

"आत्ताच्या आत्ता म्हणाले?"

"म्हणाले."

"कोणासाठी आहे याचा विचार करायचा नाही, असं सांगितलंय ना? आठ दिवस नाचणीचे गोळे, हे मुद्दे, गिळतोय मी! घरी जा असा हुकूम पुन्हा कधी येणार? चला!"

"पण कोणाच्या घरी?"

"बोलावलं कोणी? मग त्यांच्याच!"

अशा रीतीनं कुक्करहळ्ळीची लढाई दोन्ही बाजूंनी एकाच वेळी सोडून दिली. तीनशे घोडे, दोन तोफा आणि भटारखान्याच्या चार बैलगाड्या दौडत लष्कर मोहल्ल्यात शिरल्या. तपासणीसाहेब घड्याळ हातात धरून तसेच उभे होते. "सत्तेचाळीस सेकंदांत पूर्ण फौज हलली," ते पुटपुटले. "इतकी जलद अंमलबजावणी मी आयुष्यात पाहिली नाही."

मानाजीराव घोडा फेकत निघाले. पण गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि अडकले. समोर घोड्यांच्या तीनशे पाठी! आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, पार तिकडे, एक झटका गाडी. गाडीत गाठोडं, गाठोड्यावर भवानी आणि भवानीच्या मागं, पदर सावरत, भागीरथीबाई.

"अय्यो, मुंदे होगू!" झटकावाला ओरडत होता. पुढं जायला जागा असती तर घोडेही आनंदानं गेले असते.

दोघांनी एकमेकांना पाहिलं. मधे फौज. मानाजीरावांनी हात वर केला. भागीरथीबाईंनी पदर थोडा मागं घेतला. इतक्या लांबून तेवढंच करता येत होतं.

मग भागीरथीबाईंनी शेजारच्या स्वाराला काहीतरी सांगितलं. त्यानं पुढच्याला सांगितलं. निरोप घोड्यावरून घोड्यावर येत येत मानाजीरावांजवळच्या स्वारापर्यंत पोचला. तो सलाम ठोकून म्हणाला, "साहेब, जेवलात का म्हणून विचारतायत."

"सांग, नाही."

नाही, नाही, नाही, असं गल्लीभर करत उत्तर गेलं. परत निरोप आला: "शेपटाकडचे घोडे आधी मागं घ्या, तोफा कडबेवाल्याच्या आवारात लावा, बैलगाड्या मागच्या दारानं आणा आणि पानं धुवायला घ्या."

फौज दहा मिनिटांत सुरळीत हलली. त्या दिवशी म्हैसुरात झालेली एकमेव लष्करी हालचाल ती, आणि ती निर्दोष झाली.

भागीरथीबाई घरात शिरल्या त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. भवानी तिच्या जागी बसली. तीनशे माणसांच्या पंगती बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. शत्रूनं सार तीनदा मागून घेतलं. मानाजीराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. एकोणीस रात्री छताकडे बघत त्यांनी एक वाक्य जुळवलं होतं. युद्ध, तलवार, मिशी काही नसलेलं, साधं वाक्य. ते त्यांना तिच्या एकटीच्या कानात सांगायचं होतं.

"काय ते बोला लवकर," भागीरथीबाई भाताचं पातेलं उतरवत म्हणाल्या. पण गालात हसल्या.

मानाजीरावांनी तोंड उघडलं.

"साहेब," मागून श्रीनिवासराव म्हणाले. त्यांच्या हातात नोंदवही होती. "'घरी ये' हा हुकूम आजपुरता होता, की कायम? इथं रकाना रिकामा राहिलाय."

मानाजीरावांनी सवयीनं बायकोकडं बघितलं.

भागीरथीबाई लाजल्या. चेहरा दुसरीकडं वळवून म्हणाल्या, "कायम!"

मानाजीरावांचा चेहरा असा उजळला की बाहेर तुतारीवाल्याला वाटलं सकाळ झाली. त्यांनी टाक घेतला आणि खाली झोकात सही ठोकली. तपासणीसाहेबांनी निळ्या वहीत लिहिलं: निर्णयाला लागलेला वेळ, शून्य सेकंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर शांत होतं. हवालदाराला बाजारात पाठवलं होतं. दार लोटलेलं होतं. भागीरथीबाई पाट घेऊन समोर बसल्या होत्या आणि मानाजीरावांनी घसा साफ केला.

"अगं, त्या एकोणीस दिवसांत..."

साडेबाराचा ठोका पडला. खिडकीची काच थरथरू लागली. मग भिंत. मग पाट. गल्लीच्या तोंडाशी येसाजीरावांचा आवाज घुमला: "कायमचा हुकूम! रांगेत या! शत्रूनं उजवीकडं बसावं!"

भागीरथीबाईंनी उठून पदर खोचला. "ते वाक्य संध्याकाळी सांगा," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी नोंदवहीत सही करायला तपासणीसाहेब आले ते जेवायला थांबले. त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी श्रीनिवासराव थांबले. हुकूम रद्द करायचा तर लेखी कारण द्यावं लागतं, आणि "मला बायकोशी बोलायचंय" हे कारण फौजेच्या यादीत नाही. मानाजीरावांनी ती यादी तीनदा वाचली आहे.